स्पीकर बदलायचा केव्हा?

स्पीकर वयापेक्षा झिजेने निकामी होतो. बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या दमट पावसाळ्यात पडून राहिलेल्या पेट्या गणेशोत्सवात एकदम पूर्ण आवाजावर वाजू लागतात, तेव्हा ही झीज उघड होते. ओलीने कागदी पडदा मऊ पडतो, चुंबकाच्या फटीत गंज धरतो आणि जादा ताकदीने कॉइल जळते. दोष चुंबकाला दिला जातो, पण ते सहसा कमजोर होत नाही.

तपासणी सोपी. अँप्लिफायर बंद करून पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी सारख्या दाबाने हळूच आत ढकलावा. खरखर जाणवली, तर कॉइल घासते आहे. मग मल्टिमीटर लावावा: 8 ओहमच्या स्पीकरची कॉइल साधारण 5.5 ते 7 ओहम दाखवते. काहीच रीडिंग आले नाही, तर तार तुटलेली.

घरच्या जुन्या पेट्यांत बहुधा पडद्याभोवतीच्या फोमच्या कडेचा 10 ते 20 वर्षांत भुगा होतो. तेवढ्यासाठी अख्खा स्पीकर फेकणे ही उधळपट्टीच. नवी कडा चिकटवून भागते. कॉइल जळली पण सांगाडा शाबूत असेल, तर चांगल्या स्पीकरचे रिकोनिंग, म्हणजे जुन्या सांगाड्यात नवा पडदा आणि कॉइल बसवणे, परवडते, स्वस्ताचे नाही. चुंबक सरकले किंवा सांगाडा वाकला, तर नवाच घ्यावा, शक्यतो त्याच मॉडेलचा. एरवी तो पेटीच्या मापाशी जुळेलच असे नाही आणि बास बिघडतो.