खाच कुणाच्या मापाची?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत, जेवणघराच्या भिंतीलगत, महोगनीच्या दोन जुळ्या पेट्या मांडलेल्या असत. झाकण तिरपं, दर्शनी बाजू नागमोडी. झाकण उघडलं की आतल्या उतरत्या फळीत ओळीने कोरलेल्या खाचा दिसत आणि प्रत्येक खाचेत एक सुरी, मूठ वर, पातं खाली. जॉर्ज हेपलव्हाइट या कारागिराच्या नमुन्यांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने १७८८ साली प्रसिद्ध केलं, त्यातही सुऱ्यांच्या पेट्यांचे नमुने आहेत. चांदीच्या मुठी मोलाच्या, म्हणून पेटीला कुलूप. या जेवणाच्या सुऱ्या होत्या, भाजी चिरायच्या नव्हेत. तरीही आज ओट्यावर दिसणाऱ्या लाकडी ठोकळ्यामागची कल्पना त्या पेटीत पूर्णपणे आलेली आहे: सुऱ्या आधी ठरलेल्या, सगळ्या एका घडणीच्या, आणि खाच त्यांच्याच मापाची.

हे गृहीतक फार टिकाऊ निघालं. गेल्या शंभर वर्षांत सुऱ्या ठेवायची जी जी साधनं आली, ती नीट पाहिली तर त्यांतली बरीचशी या गृहीतकातून थोडी थोडी सुटत आलेली दिसतात. पूर्ण सुटका अजून झालेली नाही, आणि मला या वस्तूबद्दल इतकं वाटतं ते त्यामुळेच.

आपल्याकडे हा प्रश्न उशिरा आला. विळीला ठेवायला वेगळं साधन लागत नाही. पातं पाटाला जोडलेलं असतं. काम झालं की मिटायचं, मिटणारी नसेल तर आडवी करून धार भिंतीकडे वळवायची. उघडी विळी तशीच सोडून उठलं की घरातल्या मोठ्या बाईचा ओरडा ठरलेला. कापणं, खोवणं आणि सुरक्षित ठेवणं या तिन्ही गोष्टी एकाच वस्तूत बसवणारी ही रचना मला आजही थोर वाटते. मग गॅस आला, कडप्प्याचा ओटा आला, बसून करायचा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला आणि विळीच्या जोडीला सुरी आली. ती आली एकेकटी. एक भांड्यांच्या दुकानातून, प्लॅस्टिकच्या मुठीची. एक आठवडी बाजारातून, घिसाड्याने ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेली. एक पावाची, दातेरी. एक परदेशातल्या भाचीने सामानात घालून आणलेली. आणि या सगळ्या जाऊन पडल्या चमच्यांच्या स्टँडमध्ये, नाहीतर ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात, चमचे-डावांच्या गर्दीत. तिथे दोन्ही बाजूंनी नुकसान होतं: धार स्टीलवर आपटून मरते आणि न बघता आत घातलेलं बोट कापतं.

जपानी लोकांनी याच अडचणीला अगदी उलट टोकाचं उत्तर दिलं. साकाई हे ओसाकाजवळचं शहर शतकानुशतकं सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या चांगल्या सुरीला स्वतःची लाकडी म्यान असते, ‘साया’ म्हणतात तिला. ती मॅग्नोलियाच्या जातीतल्या ‘हो’ या झाडाच्या लाकडाची करतात, कारण ते मऊ असतं आणि त्यात राळ कमी असते, त्यामुळे पातं खरवडत नाही. एक सुरी, एक म्यान, तिसऱ्या कुणाचा संबंध नाही. रोजच्या घरगुती सुऱ्यांसाठी मात्र तिथे साधी सोय आहे: ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून एक अरुंद खाचांची पट्टी लावतात आणि सुऱ्या तिच्यात उभ्या सोडतात. मूठ वर अडते, पातं खाली मोकळ्या हवेत लोंबतं. पातं कुठल्या आकाराचं आहे याची त्या पट्टीला फारशी फिकीर नाही. या साध्या पट्टीतला शहाणपणा युरोपातल्या महागड्या ठोकळ्यांना सुचायला वेळ लागला.

युरोपात त्याआधी एक मोठी अडचण दूर व्हायची होती, गंजाची. साध्या कार्बन पोलादाचं पातं कांद्यालिंबाने काळं पडतं, ओलं राहिलं तर गंजतं. बंद खाचेत ते ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रण. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी घरांत सुऱ्या घासायची यंत्रं होती: गोल लाकडी पिंप, कडेला फटी, आत ब्रशचे केस आणि चामडं. फटींत सुऱ्या खोचायच्या, वरून घासायची पूड सोडायची आणि दांडा फिरवायचा. केसांच्या दाट रानात कुठल्याही आकाराचं पातं शिरू शकतं, हे या यंत्राने दाखवून दिलं होतं. त्याचा उपयोग सुऱ्या ठेवायला कुणी केला नाही, कारण तेव्हा ठेवण्यापेक्षा घासण्याची विवंचना मोठी होती.

१९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून मिश्रधातू शोधत होता. सुमारे १२.८ टक्के क्रोमियम असलेलं एक पोलाद त्याच्या हाती लागलं. ते आम्लाने डागळत नव्हतं. सुऱ्यांना हे चालेल हे त्याने ओळखलं. शेफील्डच्या सुरीवाल्यांना मात्र पटायला वेळ लागला, कारण ते घडवायला कठीण होतं आणि सुरुवातीच्या पात्यांची धार टिकत नव्हती. पुढे ते सुधारलं आणि सुरी पुसून ओट्यावरच्या ठोकळ्यात खोचता येऊ लागली. अमेरिकेत आणि युरोपात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठोकळ्यासकट सुऱ्यांचे संच विकले जाऊ लागले, त्यामागे हे न गंजणारं पोलाद आहे. जर्मनीतल्या झोलिंगन शहरातले १७३१ पासूनचे त्स्विलिंग किंवा १८१४ पासूनचे व्युस्टहोफ यांच्यासारखे जुने कारखानदारही असे संच विकतात.

हे संच मराठी घरांतही पोचले, बरेचदा अमेरिकेतल्या मुलांमार्फत. त्यात आठ इंचांची शेफ सुरी, पावाची, भाजलेलं मांस कापायची लांब सुरी, एक मधली, एक सोलायची छोटी, धार नीट करायची सळई, कात्री आणि वर स्टेकसाठी सहा सारख्या सुऱ्या. आपल्या घरात यातल्या दोन-तीन वापरल्या जातात. सहा स्टेक सुऱ्यांच्या खाचांमध्ये दुसरं काही बसत नाही. रोजची लाडकी पातळ सुरी मोठ्या खाचेत खुळखुळते आणि बाजारातला जाड सुरा कुठेच शिरत नाही. ठोकळा ओट्यावर एक वीत जागा अडवून बसतो आणि कामाच्या सुऱ्या परत चमच्यांच्या स्टँडमध्ये जातात. ठोकळा बनवणाऱ्याने सुऱ्यांचा विचार केला, घराचा केला नाही. घरात सुऱ्या जमतात. संचाने येतात त्या क्वचितच.

जमलेल्या सुऱ्यांसाठी ठोकळा करायचा तर आधी मोजावं लागतं. सोलायच्या सुरीचं पातं आठ-दहा सेंटिमीटर लांब, रुंदी जेमतेम दोन सेंटिमीटर. शेफ सुरी वीस सेंटिमीटर लांब, साडेचार-पाच सेंटिमीटर रुंद. पावाची सुरी पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जाते. चिनी घडणीच्या सुऱ्याची रुंदी आठ ते दहा सेंटिमीटर भरते. म्हणजे लांबीत तिपटीचा फरक, रुंदीत पाचपटीचा. जाडी बघितली तर स्वस्त सुरीची पाठ दीड मिलिमीटर, बऱ्या सुरीची दोन-अडीच, ठोकून घडवलेल्या जर्मन सुरीची मुठीजवळ तीन-चार आणि घिसाड्याच्या सुऱ्याची पाच-सहा. पटीत हा फरकही मोठा आहे, पण प्रत्यक्षात तो चार-पाच मिलिमीटरचाच. सगळी गंमत इथे आहे. लांबी आणि रुंदी मोकळी सोडली आणि फक्त जाडीला बांधून घेतलं, तर एकच रचना जवळजवळ सगळ्या सुऱ्यांना पुरते.

समांतर पट्ट्यांचा ठोकळा हेच करतो. वेगवेगळ्या खाचा कोरण्याऐवजी लाकडाच्या पट्ट्या ठराविक अंतरावर उभ्या करायच्या; मधली प्रत्येक फट ठोकळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. एका फटीत रुंद सुरा घाला किंवा तीन छोट्या सुऱ्या ओळीने लावा. कप्प्यात आडवी ठेवायची अशीच पट्ट्यांची चौकटही मिळते, आणि लहान मुलं असलेल्या घरात ट्रॉलीत बंद राहणारी ती चौकट मला ओट्यावरच्या ठोकळ्यापेक्षा बरी वाटते. फटींची रुंदी दोन प्रकारची ठेवली, काही तीन मिलिमीटरच्या आणि एक-दोन सात-आठच्या, की खुळखुळही कमी होते.

दुसरी वाट चुंबकाची. चुंबकाला लांबी, रुंदी, जाडी यातलं काहीच विचारायचं नसतं, फक्त पातं चुंबकाला धरणारं हवं. इथे आपल्याकडचे लोक गोंधळतात. चांगल्या स्टीलच्या भांड्याला चुंबक चिकटत नाही, हे बाजारात सगळ्यांना माहीत असतं, म्हणून न गंजणाऱ्या सुरीलाही तो चिकटणार नाही असं वाटतं. भांड्याच्या पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्यामुळे त्याची घडण अचुंबकी होते. सुरीला धार टिकवायला कडकपणा लागतो, त्यासाठी कार्बन आणि तापवून पाणी देणं लागतं, आणि असं कडक झालेलं पोलाद चुंबकाला धरतं. ब्रेअर्लीचं पोलाद याच जातीचं. जुने चुंबक मात्र दुबळे होते. पोलादी पट्ट्यांत बसवलेले, वर सुरी उघड्या धातूवर आपटायची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा चुंबक शोधला, त्याच सुमाराला अमेरिकेतही स्वतंत्रपणे तो सापडला. इतक्या ताकदीचा चुंबक मिळाल्यावर तो लाकडाच्या पातळ थराआड लपवता आला आणि पात्याला लाकडाचा मऊ स्पर्श मिळाला. थर पातळच हवा, कारण अंतर वाढलं की ओढ झपाट्याने घटते. दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे गेलं की जड सुरा घसरायला लागतो. सुरी लावताना आधी पाठ टेकवायची, मग पातं. काढताना धार आधी सोडवायची आणि पाठीवर वळवून उचलायची. उलट केलं तर धार दर वेळी लाकडावर घासते. क्योसेराने १९८४ साली बाजारात आणलेल्या सिरॅमिक सुऱ्या मात्र या पट्टीला कधीच लागणार नाहीत. त्यांच्यासाठी फटच हवी.

तिसरी वाट त्या जुन्या घासायच्या यंत्राशी नातं सांगते. या शतकाच्या पहिल्या दशकात प्लॅस्टिकच्या शेकडो बारीक काड्या दाटून भरलेले डबे लोकप्रिय झाले. सुरी कुठेही खोचा, काड्या बाजूला सरतात आणि तिला धरतात. आकाराच्या दृष्टीने इतकी उदार रचना दुसरी नाही. घरगुती पर्यायही लोक करतात, बरणीत बांबूच्या काड्या किंवा तांदूळ भरून. पण काड्यांच्या तळाशी चुरा साचतो, जड सुरी रोज एकाच कोपऱ्यात खोचली की तिथल्या काड्या कायमच्या वाकतात, आणि सगळ्या काड्या काढून धुण्याचं काम कुणी नियमाने करत नाही. तांदळाच्या बरणीत तर ओली सुरी गेली की तांदूळ पात्याला चिकटतो. हे डबे पाहायला आकर्षक आहेत, आणि कोरड्या हवेच्या देशात चालतीलही. आपल्या पावसाळ्यात मी ते कुणाला सुचवणार नाही.

पावसाळा हा आपल्याकडचा खरा परीक्षक आहे. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर लाकूड ओल धरून असतं. पूर्ण कोरलेल्या खाचेच्या तळाशी हवा पोचत नाही, ब्रश पोचत नाही. घाईत नीट न पुसलेल्या सुरीचं पाणी तिथे उतरतं आणि बुरशी धरते, ती डोळ्यांना दिसतही नाही. टॅनिन जास्त असलेलं लाकूड, ओकसारखं, ओलं झालं की घिसाड्याच्या लोखंडी सुरीला काळे डाग पाडतं. त्यामुळे सुताराकडून करून घेणाऱ्या ओळखीच्यांना माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो: तळ उघडा ठेवा. पट्ट्या दोन आडव्या दांड्यांवर बसवा, खाली एक बोट तरी अंतर राहू द्या आणि पट्ट्या स्क्रूने जोडा म्हणजे सुट्या करून धुता येतील. सुतार बंद पेटी करायला बघतो, त्याला ती नेटकी वाटते. तिथे ठाम राहावं.

बाकी गोष्टी जागेवरून ठरतात. ओट्यावर दोन फुटांवर कपाट असेल तर उभ्या ठोकळ्यातून लांब सुरी काढताना मूठ वर आपटते. म्हणून ठोकळा आपल्याकडे झुकलेला हवा, आणि झुकलेला हवा तर बूड जड हवं, नाहीतर रुंद सुरा वरच्या फटीत गेला की तो पुढे कलंडतो. उभ्या फटीत धार लाकडावर टेकते, म्हणून झुकलेल्या ठोकळ्यात फटी आडव्या ठेवून पातं त्याच्या सपाट बाजूवर विसावलेलं बरं. वारंवार लागणारी सुरी उजवीकडे की डावीकडे, हे चिरणाऱ्या माणसाच्या हाताला विचारावं. नारळ फोडायचा कोयता यात घालू नये. त्याचं वजन या रचनेला झेपत नाही. तो ओट्याखाली, आतल्या भिंतीला मारलेल्या दोन खुंट्यांवर आडवा ठेवावा. विळी अजून वापरात असेल, आणि मासे नि नारळ यांच्यासाठी बऱ्याच घरांत ती असतेच, तर तिला तिची जुनी जागा पुरेशी आहे.