सुखी माणसांचं गाव

मुलांना घाबरवायचं तर अंधार, वादळ, निदान एखादी करकरणारी खिडकी तरी लागते. ‘चिल्ड्रन ऑफ द स्टोन्स’ला यातलं काहीच लागत नाही. १९७७च्या जानेवारीत ब्रिटनच्या आयटीव्हीवर सुरू झालेली ही सात भागांची मालिका आज पुन्हा पाहिली तरी अंगावर काटा येतो, तोही बराचसा लख्ख उन्हात.

खगोलभौतिकीचा अभ्यासक अ‍ॅडम ब्रेक प्राचीन शिळांच्या रिंगणातलं चुंबकत्व तपासायला मुलाला, मॅथ्यूला, घेऊन मिलबरी गावात येतो. गावातले लोक भेटेल त्याला हसून ‘हॅपी डे’ म्हणतात. शाळेतली पोरं त्यांच्या वयाला न झेपणारी गणितं सहज सोडवतात. भांडण नाही, राग नाही. मला तर त्या हसण्याचीच जास्त भीती वाटली. शीर्षकगीतही तसंच: वाद्यं नाहीत, नुसते माणसांचे आवाज, कुजबुजीतून आक्रोशापर्यंत चढत जाणारे.

या सुखामागचं यंत्र भन्नाट आहे. गावचा जमीनदार हेंड्रिक स्वतः खगोलशास्त्रज्ञ. शिळांच्या रिंगणातून तो माणसांच्या मनातलं वाईट सगळं दूरच्या एका कृष्णविवरात पाठवून देतो! जॉन व्हीलर यांनी ‘ब्लॅक होल’ हा शब्द रुळवून तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती, आणि इथे तो थेट मुलांच्या गोष्टीत. मालिकेतली माणसांचे दगड होण्याची कल्पना मात्र फार जुनी. आपली अहल्या शापानं शिळा झाली. कॉर्नवॉलमधल्या ‘मेरी मेडन्स’ या १९ शिळा म्हणजे रविवारी नाचल्याची शिक्षा भोगणाऱ्या मुली, असं तिथले लोक सांगत आले.

चित्रीकरण झालं ते विल्टशरमधल्या एव्हबरीत. तिथलं शिलावर्तुळ साडेचार हजार वर्षांहून जुनं आणि इतकं विशाल, की गावाचा बराच भाग, अगदी पबसुद्धा, त्याच्या आत आहे. मालिकेसाठी खऱ्या शिळांच्या जोडीला काही खोट्याही उभ्या केल्या होत्या. खरं तर या जागेला पटकथेची गरजच नव्हती. १९३८मध्ये अलेक्झांडर केलर यांच्या उत्खननात एका आडव्या शिळेखाली माणसाचा सांगाडा मिळाला. सोबत कात्री आणि चौदाव्या शतकातली नाणी. शिळा पुरताना तो चिरडला गेला, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पुढे हाडं पुन्हा तपासली, तेव्हा चिरडल्याची खूण सापडली नाही. मग तो तिथे गेला कसा?

मालिका तरी कुठे सगळं उलगडते! शेवटी बापलेक सुटतात, गावाबाहेर पडतात. तेवढ्यात एक नवा पाहुणा मिलबरीत येतो. चेहरा हुबेहूब हेंड्रिकचा.