बुद्धिमान रचनावाद, विज्ञानशिक्षण आणि आर्थिक हितसंबंध

बुद्धिमान रचनावाद, म्हणजेच इंटेलिजंट डिझाइन, हे सजीवसृष्टीच्या उगमाविषयीचे एक मत आहे. सजीवांची गुंतागुंत केवळ नैसर्गिक प्रक्रियांनी निर्माण होऊ शकत नाही, तिच्यामागे एखाद्या बुद्धिमान कर्त्याची योजना असली पाहिजे, असे या मताचे समर्थक मानतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हे मत शालेय विज्ञानाच्या वर्गात शिकवले जावे, अशी मागणी पुढे आली. हा वाद सामान्यतः धर्म आणि विज्ञान यांच्यातील वाद म्हणून ओळखला जातो. मात्र त्याला आर्थिक बाजूही आहे. पाठ्यपुस्तकांचे प्रकाशक आणि धनिक देणगीदार यांचे हितसंबंध त्यात एका बाजूस दिसतात. दुसऱ्या बाजूस औषधे, लसी, बियाणे व कीटकनाशके यांचे उद्योग आणि त्यांवर अवलंबून असणारी शेती येते. भारतात हे मत अधिकृत विज्ञान अभ्यासक्रमात समाविष्ट झालेले नाही. येथे प्रश्न निर्माण झाला तो उत्क्रांतीचा पाठ ठेवावा की वगळावा, या स्वरूपात.

संकल्पना व पार्श्वभूमी

निसर्गातील रचनेवरून रचनाकाराचे अनुमान काढण्याचा युक्तिवाद जुना आहे. विल्यम पेली या इंग्रज धर्मशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये घड्याळाचा दृष्टान्त देऊन तो मांडला. वाटेत घड्याळ सापडले तर ते घडवणारा कारागीर कोणीतरी असलाच पाहिजे. तसेच सजीवांचेही आहे, असे त्याचे म्हणणे होते. चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडून या रचनेचे नैसर्गिक स्पष्टीकरण दिले. एकाच जातीतील सजीवांत लहानमोठे फरक असतात. परिस्थितीला अनुकूल फरक असलेले सजीव अधिक संख्येने टिकतात व त्यांची संतती वाढते. अशा रीतीने पिढ्यानुपिढ्या जातीचे स्वरूप बदलत जाते.

मायकेल बीही या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये जुन्या युक्तिवादाला नवे रूप दिले. काही जैविक यंत्रणांतील एकही भाग काढला तरी संपूर्ण यंत्रणा निकामी होते, म्हणून त्या टप्प्याटप्प्याने विकसित होणे शक्य नाही, असा त्याचा दावा आहे. वैज्ञानिकांनी तो स्वीकारलेला नाही. अशा यंत्रणांतील भाग पूर्वी वेगळे कार्य करीत असू शकतात आणि पुढे ते नव्या कार्यासाठी वापरले जाऊ शकतात, असे त्यांचे उत्तर आहे. शिवाय, कर्त्याची योजना हे स्पष्टीकरण कोणत्या निरीक्षणाने खोटे ठरू शकेल, हे सांगता येत नाही. त्यामुळे ते परीक्षणयोग्य गृहीतक ठरत नाही.

डोव्हर खटला

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये लुइझियाना राज्याचा एक कायदा घटनाबाह्य ठरवला. उत्क्रांती शिकवायची असल्यास तिच्यासोबत सृष्टिनिर्मितीचे तथाकथित विज्ञानही शिकवावे, असे बंधन त्या कायद्याने घातले होते. त्यानंतर बुद्धिमान रचना हा शब्दप्रयोग पुढे आला.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर येथील शाळा मंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये या मताचा उल्लेख जीवशास्त्राच्या वर्गात करण्याचा ठराव केला. नववीच्या विद्यार्थ्यांना एक निवेदन वाचून दाखवायचे होते. विज्ञानशिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला, तेव्हा प्रशासकीय अधिकाऱ्यांनी ते वाचले. अकरा पालक न्यायालयात गेले. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पृष्ठांचा निकाल दिला. बुद्धिमान रचनावाद हे विज्ञान नसून धार्मिक मत आहे आणि सरकारी शाळेच्या विज्ञानवर्गात ते शिकवणे घटनाविरोधी आहे, असे त्यात म्हटले आहे. पालकांच्या न्यायालयीन खर्चापोटी शाळा मंडळाला सुमारे १० लाख डॉलर द्यावे लागले. मंडळाचा निर्णय शिक्षणविषयक होता. त्याची किंमत मात्र शाळांच्या तिजोरीतून चुकती झाली.

प्रकाशन व देणग्या

डोव्हरच्या निवेदनात ज्या पूरक पुस्तकाची शिफारस होती, ते १९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. टेक्सासमधील एका ना-नफा संस्थेने ते सिद्ध केले होते. या संस्थेने खटल्यात पक्षकार म्हणून सामील होण्याची परवानगी मागितली. पुस्तक धार्मिक ठरल्यास शाळांतील विक्री बुडेल व आपले आर्थिक नुकसान होईल, असे तिचे एक कारण होते. न्यायालयाने ही मागणी फेटाळली. पुस्तकाचे जुने मसुदे खटल्यात सादर झाले. १९८७ च्या निकालानंतर त्यांतील सृष्टिनिर्मितीविषयीचे शब्द काढून त्यांच्या जागी बुद्धिमान रचनेचे शब्द घातल्याचे दिसून आले. व्याख्या जवळजवळ तीच राहिली होती.

या मताचा प्रसार मुख्यतः सिएटल येथील डिस्कव्हरी इन्स्टिट्यूट या संस्थेने केला. कॅलिफोर्नियातील बचत-बँक व्यवसायातून उभ्या राहिलेल्या संपत्तीचे वारसदार हॉवर्ड अहमनसन हे तिच्या या कार्याचे प्रमुख देणगीदार होते. अशा देणगीमागे नफ्याचा हेतू असतोच असे नाही. परंतु संशोधनाच्या कसोटीवर न टिकलेले मत पैशाच्या बळावर थेट शाळेपर्यंत पोहोचू शकते, हे यातून दिसते.

याउलट आर्थिक दबाव उत्क्रांतीच्या बाजूनेही आलेला आहे. लुइझियाना राज्याने २००८ मध्ये केलेल्या नव्या शिक्षणविषयक कायद्यामुळे विज्ञानवर्गात अशा मतांना वाट मिळेल, अशी टीका झाली. निषेध म्हणून जीवशास्त्रज्ञांच्या एका राष्ट्रीय संघटनेने आपले २०११ चे अधिवेशन न्यू ऑर्लीन्सऐवजी सॉल्ट लेक सिटी येथे भरवले. न्यू ऑर्लीन्सच्या नगर परिषदेनेही पुढे कायदा रद्द करण्याच्या मागणीला पाठिंबा दिला.

भारतातील स्थिती

भारतीय राज्यघटनेच्या कलम २८ नुसार, पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे कलम ५१-क नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. ते १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झाले.

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील वैदिक संमेलनाच्या प्रसंगी तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा असल्याचे विधान केले. शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल करण्याची गरजही त्यांनी व्यक्त केली. देशातील तीन प्रमुख विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदनाद्वारे या विधानाचा प्रतिवाद केला. उत्क्रांतीच्या मूलभूत तथ्यांविषयी वैज्ञानिकांत वाद नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. अशी विधाने टाळावीत असे आपण सहकाऱ्यांना सांगितल्याचे तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनी जाहीर केले.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, कोविड साथीनंतर अभ्यासाचा भार कमी करण्याच्या कारणाने दहावीच्या विज्ञान पुस्तकातील उत्क्रांतीचा भाग वगळला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचे शीर्षक केवळ ‘आनुवंशिकता’ असे उरले. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्राद्वारे याला हरकत घेतली. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय कायम आहे, असे परिषदेच्या बाजूने सांगण्यात आले. परंतु विज्ञान हा विषय सर्वांना दहावीपर्यंतच अनिवार्य असतो. पुढे वाणिज्य वा कला शाखेकडे वळणारा किंवा शिक्षण थांबवणारा विद्यार्थी बारावीच्या जीवशास्त्रापर्यंत पोहोचत नाही.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळांत बालभारतीची पुस्तके वापरली जातात. २०१८ पासून लागू झालेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पुस्तकाच्या दुसऱ्या भागाचा आरंभच ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पाठाने होतो. जीवाश्म, अवशेषांगे आणि भ्रूणविज्ञान यांतून मिळणारे पुरावे, तसेच डार्विन व लामार्क यांचे विचार त्यात दिलेले आहेत.

शेती व उद्योगांशी संबंध

उत्क्रांती हा केवळ भूतकाळाचा विषय नाही, हे महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांच्या अनुभवावरून स्पष्ट होते. बीटी कपाशीच्या लागवडीस भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. या कपाशीतील विषारी प्रथिनामुळे बोंडअळ्या मरतात. मात्र ज्या थोड्या अळ्या ते विष पचवू शकतात, त्या जगतात व त्यांचीच संतती वाढते. हा वेग रोखण्यासाठी शेताच्या कडेने बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावण्याचा नियम होता. तेथे वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर झाल्यास प्रतिकारक्षमता लवकर पसरत नाही. पुष्कळ ठिकाणी या ओळी लावल्याच गेल्या नाहीत. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात राज्यातील कापूस उत्पादकांचे मोठे नुकसान झाले. त्या ओळींमागील कारण नैसर्गिक निवडीचे आहे. ते न समजल्यास नियम म्हणजे निव्वळ वाया जाणारी जागा वाटते.

कोकणातही हेच तत्त्व लागू पडते. रत्नागिरी जिल्ह्यातील बागायतदार आंब्याच्या मोहोरावरील तुडतुडे व फुलकिडे यांच्यासाठी फवारण्या करतात. एकच कीटकनाशक वारंवार वापरल्यास किडीतील प्रतिकारक्षम वंशाचीच निवड होते; म्हणून औषधे आलटून-पालटून वापरण्याचा सल्ला कृषिशास्त्रज्ञ देतात. येथे एक विषमता आहे. हापूसची लागवड कलमांनी होते, त्यामुळे कलमाचे जनुकीय स्वरूप मातृवृक्षासारखेच राहते. किडीच्या मात्र दरवर्षी नव्या पिढ्या येतात. झाड बदलत नाही आणि कीड बदलत राहते, हा बागायतीतील खर्चवाढीचा एक भाग आहे.

माणसाने केलेली निवडही याच परिसरात पाहता येते. कोयीपासून वाढलेल्या रायवळ आंब्यांत झाडागणिक चव व आकार वेगळा असतो. अशा नैसर्गिक विविधतेतूनच जुन्या जाती निवडल्या गेल्या. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ आणि पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून ‘सिंधू’ ही जात विकसित केली.

औषधनिर्मितीतही स्थिती वेगळी नाही. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू आणि बहुऔषध-प्रतिरोधक क्षयरोग हे नैसर्गिक निवडीचेच परिणाम आहेत. विषाणू बदलत असल्यामुळे फ्लूच्या लशीतील घटकांचा दरवर्षी फेरविचार करावा लागतो.

मूल्यमापन

उद्योगांना उत्क्रांतीचे ज्ञान लागते, म्हणून ती शिकवावी, हा युक्तिवाद प्रभावी असला तरी पुरेसा नाही. उपयुक्तता हा सत्यतेचा पुरावा नव्हे. पाठ्यक्रमातील मजकूर बाजाराच्या गरजेवर ठरू लागला, तर ज्याला अधिक मोठा देणगीदार मिळेल ते मतही उद्या वर्गात येऊ शकेल. उत्क्रांतीचा विज्ञानवर्गातील अधिकार जीवाश्म, जनुके आणि प्रत्यक्ष निरीक्षणे यांच्या पुराव्यावर उभा आहे. शेतीतील व औषधांतील यश हे त्या पुराव्याचे फळ आहे.

सृष्टीच्या हेतूविषयीचा प्रश्न तत्त्वज्ञान आणि धर्म यांच्या अभ्यासात विचारता येतो व त्याला तेथे दीर्घ परंपरा आहे. विज्ञानाच्या तासाला मात्र परीक्षणयोग्य स्पष्टीकरणे अपेक्षित असतात. पाठ वगळण्याचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. उच्च शिक्षण घेणाऱ्याला तो विषय पुढे भेटतो. दहावीनंतर बागेत, शेतात वा औषधांच्या दुकानात काम करणाऱ्याला त्याची गरज असूनही तो भेटत नाही.