आधी भट्टी की आधी भाकरी?

१९७२च्या दुष्काळात माझी आई पाझर तलावाच्या कामावर होती. सकाळी मुकादम हजेरी घ्यायचा, मग दिवस मावळेपर्यंत पाटीने माती भरावावर नेऊन ओतायची. मुलांना सुकडी मिळायची. आठवड्याच्या पगारातून रेशनच्या दुकानातली लाल मिलो घरात यायची, अमेरिकेतून आलेली. तिच्या पिठाला चिकटपणा नसायचा. भाकरी थापतानाच चिरायची आणि तव्यावर टाकेपर्यंत हातात तुकडे यायचे. आई हे आजही हाताने करून दाखवते.

भिलाईची पहिली झोतभट्टी पेटून तोवर तेरा वर्षं झाली होती. देशात पोलाद होतं, मराठवाड्यात ज्वारी नव्हती. गरीब देशाने आधी काय करावं, या प्रश्नावर गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत कपाटंच्या कपाटं भरतील एवढं लिहिलं गेलं. मला मात्र त्या सगळ्याकडे आईच्या त्या तुटक्या भाकरीच्या बाजूनेच बघता येतं.

दुसरी पंचवार्षिक योजना (१९५६-६१) प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या गणितावर उभी होती. कापड विणणारी यंत्रं बाहेरून आणत बसण्यापेक्षा यंत्रं बनवणारी यंत्रंच इथे बनवू. सुरुवातीला ओढाताण होईल, पण पुढे वाढीचा वेग चढता राहील, असं ते गणित. परक्यांपुढे हात पसरायचा नाही ही त्यामागची तळमळ खरी होती, ती आज कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण त्याच १९५६ साली मुंबई विद्यापीठातल्या सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी उलटी मांडणी केली. चार माणसांचं शेत सहा जण कसतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही गावात दिसतं. त्यातले दोघे बांध घालायला, विहिरी खणायला गेले तर शेताचं काही अडत नाही. अडतं ते एवढंच, की त्या दोघांनी खायचं काय? म्हणून गरीब देशाचं भांडवल म्हणजे ज्वारी, कापड, तेल, मीठ. मजुराच्या रोजच्या गरजेच्या या वस्तूंना त्यांनी वेतनवस्तू म्हटलं आणि आधी त्या वाढवा, असं सांगितलं.

दिल्लीत महालनोबिसांचं चाललं. माझ्या मते बरोबर होते ते मुंबईचे दोघे. निकाल दहा वर्षांत लागला. १९६५-६६च्या अवर्षणात देश अमेरिकी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसला, आणि १९६६ ते १९६९ या काळात पंचवार्षिक योजनाच बाजूला ठेवावी लागली.

सेंट लुसियासारख्या लहानशा कॅरिबियन बेटावर जन्मलेल्या आर्थर लुईस यांनी १९५४ साली याच जादा हातांवर एक निबंध लिहिला. शेतातले हात कारखान्यात न्या, कारखान्याचा नफा पुन्हा कारखान्यात घाला, एवढंच त्यातलं जगाने उचललं. शेती मागे राहिली तर धान्य महागतं, मजुरी चढते आणि कारखान्याचा नफाच आटतो, हा त्यांचा इशारा फारसा कुणी मनावर घेतला नाही.

अर्जेंटिनाचे राऊल प्रेबिश यांनी वेगळ्याच ठिकाणी बोट ठेवलं. कच्चा माल विकणाऱ्या देशाला तीच यंत्रं घ्यायला दरवर्षी जास्त माल द्यावा लागतो. व्यापार वाढला तरी तो देश गरीबच राहतो. १९५०च्या सुमाराला त्यांनी हे मांडलं तेव्हा श्रीमंत देशांत नाकं मुरडली गेली. चाकणच्या कांदेवाल्याला मात्र ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय नोकरी सोडून शरद जोशी आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले, आणि जी लूट प्रेबिश दोन देशांमध्ये दाखवत होते तीच त्यांनी देशाच्या आत, इंडिया आणि भारत यांच्यात दाखवली. दुखणं एकच, औषधं मात्र अगदी उलट: प्रेबिश यांचा भर सरकारी संरक्षणाखाली कारखाने काढण्यावर, जोशींचा सरकारने बाजारातून हात काढण्यावर. निदानात दोघेही बरोबर होते असं मला वाटतं. औषधाबद्दल मी कोरियाकडे बघतो.

दक्षिण कोरियाने १९४९ साली जमीन सुधारणेचा कायदा केला. तीन हेक्टरांच्या वरची जमीन जमीनदाराकडून काढून कसणाऱ्याला दिली. तैवाननेही १९५३ मध्ये तेच केलं. मग शाळा आल्या, आणि त्यानंतर पोहांगचा पोलाद कारखाना. त्याला कर्ज द्यायला जागतिक बँक तयार नव्हती. जपानकडून भरपाई म्हणून मिळालेल्या पैशातून तो उभा राहिला आणि १९७३ साली तिथे पोलाद तयार होऊ लागलं. म्हणजे पोलादाचा हट्ट चुकीचा नव्हता, क्रम चुकीचा होता. कोरियाची ही गोष्ट सांगताना एक तारीख मात्र गाळू नये: १३ नोव्हेंबर १९७०. सोलच्या कपडे बाजारात चोन ते-इल नावाच्या बावीस वर्षांच्या शिवणकामगाराने, कामगार कायदे पाळा असं ओरडत स्वतःला पेटवून घेतलं. कोरियाच्या निर्यातीच्या आकड्यांत तोही आहे.

टांझानियात ज्युलियस न्येरेरे यांनी १९६७ साली अरुशाच्या जाहीरनाम्यातून खेड्यावर उभा राहणारा समाजवाद मांडला. माणूस सच्चा, शाळा आणि साक्षरतेचं कामही मोठं. पण सत्तरच्या दशकात लोकांना सक्तीने नव्या वसाहतींत हलवलं गेलं, कुठे कुठे जुनी घरं मोडून. शेतकऱ्याच्या भल्यासाठी शेतकऱ्यालाच न विचारता केलेलं ते काम होतं, आणि पिकांनी साथ दिली नाही. १९८९ नंतर वॉशिंग्टन मतैक्य या नावाने ओळखला गेलेला खर्च कमी करा, खासगीकरण करा हा उपदेशही गरिबाला विचारून आला नव्हता.

सत्तरच्याच दशकात महाराष्ट्रात जे झालं त्याला जगाच्या या आढाव्यात हक्काची जागा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली हिशेब मांडला: १९६०-६१च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये जगायला लागतात, आणि खेड्यातल्या ४० टक्के, शहरातल्या ५० टक्के लोकांकडे तेवढेही नाहीत. जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही, तेव्हा काम द्या, असं त्यांनी सांगितलं. कोरियाचा रस्ता त्यांना इथे शक्य वाटला नाही. ही खंत माझ्या मनातून जात नाही, कारण आपण तो पुरता चालून पाहिलाच नाही. पण कामाचा रस्ता आपण धरला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली. १९७३च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. तिथून १९७७चा कायदा झाला: मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता. वकील-ब्रह्मानंदांनी पुस्तकात लिहिलेले ते दोन जादा हात असे कायद्यात आले.

खोटी मस्टरं भरली गेली, अर्धवट रस्ते पावसात वाहून गेले, हेही खरं. तरी १९९० नंतर याच योजनेतून कोरडवाहू रानांत आंबा, बोर, डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, आणि २००५ साली देशाने तसाच रोजगार हमीचा कायदा केला.

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. त्या कराचा कायदा १९७५चा आहे, आणि रोजगार हमीच्या कामांवरच्या मजुरीसाठी तो केला गेला.