पोटातले दुखणे, पाठीतली सुई

मराठी भाषेत पोटदुखीला कधी प्रतिष्ठा मिळाली नाही. शाळा चुकवायची असली की मुलाचे पोट दुखते. शेजाऱ्याने नवी मोटार घेतली की आपल्या 'पोटात दुखते'. डोकेदुखीला निदान विद्वानांची सोबत असते. पोटदुखी म्हणजे एक तर सोंग, नाहीतर मत्सर, आणि दोन्ही नसेल तर कालची कांदाभजी! ओवा चावावा, बेंबीला हिंग लावावा आणि गुपचूप पडून राहावे, एवढीच तिची किंमत. स्वादुपिंडाच्या जुनाट दाहाने पिडलेल्या माणसाचे अर्धे हाल या आपल्या भाषेनेच केले आहेत, असे मला कधी कधी वाटते.

स्वादुपिंड हे नाव मोठे गोड आहे. पण ते आठवते कुरबूर करू लागल्यावरच. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवी पसरलेली ही जेमतेम वीतभर लांबीची ग्रंथी. अन्न पचवणारा रस ती तयार करते आणि रक्तातल्या साखरेला वेसण घालणारे इन्शुलिनही तीच बनवते. हा पाचक रस आतड्यात पोचण्याआधी, ग्रंथीतच जागा झाला, की तो आपलेच घर पचवू लागतो. असे वारंवार झाले म्हणजे ग्रंथीत वण पडतात, तिच्या नळ्या अरुंद होतात, काहींच्या नळीत खडे धरतात. डॉक्टर याला 'क्रॉनिक पॅन्क्रिआटायटिस' म्हणतात. वेदना बेंबीच्या वर सुरू होते आणि आरपार पाठीत निघते. रोगी गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसतो, कारण तेवढ्याने थोडे बरे वाटते. जेवण झाले की दुखणे वाढते. म्हणून तो जेवणच टाळू लागतो. वजन उतरते, तेलकट पदार्थ पचेनासे होतात आणि पुढे अनेकांना मधुमेहही गाठतो.

दारू आणि धूम्रपान ही या रोगाची मोठी कारणे, यात शंका नाही. पण सगळ्यांची नव्हेत. केरळातले डॉ. पी. जे. गीवर्गीज यांनी १९६० नंतरच्या वर्षांत असे कितीतरी तरुण रुग्ण तपासले, ज्यांचा दारूशी संबंध नव्हता आणि तरीही स्वादुपिंडात खडे होते. त्यांचे या विषयावरचे पुस्तक १९६८ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढले. पुढे काही काळ संशयाची सुई टॅपिओकाच्या कंदावर होती. आता आनुवंशिक दोषांकडे अधिक बोट दाखवले जाते.

हे सारे घरच्यांना कोण सांगणार? माझे एक मेहुणे, मावसबहिणीचे यजमान, बँकेत नोकरीला. सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. चाळिशीच्या आत हे निदान झाले. सासूबाई भेटायला आल्या, खोलीत दुसरे कोणी नाही असे पाहून हळूच म्हणाल्या, "जावईबापू, मी कुणाला सांगायची नाही. पण आता तरी खरं सांगा, थोडीफार घेत होता ना?" दुखण्यापेक्षा हा प्रश्न मेहुण्यांना अधिक लागला. कचेरीतही तेच. ताप नाही, सूज नाही, प्लास्टर नाही. मग हा माणूस महिन्यातून आठ दिवस रजेवर का?

डॉक्टर विचारतात, "शून्य ते दहांत किती दुखतं?" विचारायला सोपे आहे, पण वेदना आकड्यात कशी मांडावी? रोनाल्ड मेलझॅक या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली वेदनेसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात दुखण्याचे वर्णन करणारे ७८ इंग्रजी शब्द आहेत. आपली मराठीही या बाबतीत दरिद्री नाही. दाताला ठणका लागतो, पोटात कळ येते, पाठीत चमक भरते, पायांना रग लागते, डोळे भगभगतात आणि मनात सल राहतो. शिवाय 'वेदना' या शब्दाचे मूळ 'विद्' म्हणजे जाणणे या धातूत आहे. ज्याची त्यालाच कळते ती! मेहुण्यांनी अखेर डॉक्टरांना आकडा सांगितलाच नाही. "आतून कोणी पिळा घालून तो पाठीतून ओढून काढतोय," असे ते म्हणाले. डॉक्टरांनी ते वाक्य जसेच्या तसे टिपून घेतले आणि मग इंजेक्शनचा विषय काढला.

पोटात उतरणाऱ्या महारोहिणीच्या पुढच्या बाजूला, शेवटचा पाठमणका आणि कमरेचा पहिला मणका यांच्या पातळीवर, मज्जातंतूंचे एक जाळे असते. त्याचे नाव सीलिॲक प्लेक्सस. स्वादुपिंड, जठर, यकृत यांची गाऱ्हाणी याच टेलिफोन एक्स्चेंजमधून मेंदूकडे जातात. ते काही काळ बंद पाडले तर? जर्मन शल्यतज्ज्ञ माक्स काप्पिस यांनी १९१४ साली पाठीतून सुई घालून तिथवर पोचण्याची वाट दाखवली. त्यांचा हेतू शस्त्रक्रियेपुरती बधिरता आणण्याचा होता. जुनाट दुखण्यासाठी ही वाट पुढे कामी आली.

आज रुग्णाला पालथे झोपवतात, पोटाखाली उशी देतात आणि क्ष-किरणांच्या किंवा सीटी स्कॅनच्या आधाराने कण्याच्या दोन्ही बाजूंनी लांब सुया आत नेतात. आधी रंगद्रव्य सोडून जागा बरोबर आहे ना ते पाहतात; मग बधिर करणारे औषध, बहुधा बुपिव्हाकेन, आणि सोबत स्टिरॉइड. दुसरी वाट तोंडातून. दुर्बिणीच्या टोकाला ध्वनिलहरींचे यंत्र असते, त्यात पाहत जठराच्या भिंतीतून सुई पलीकडे नेतात. नंतर काहींचा रक्तदाब उतरतो, काहींना दोन-चार दिवस जुलाब होतात. म्हणून काही तास निजवून ठेवतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायांतली शक्ती जाणे असे गंभीर अपाय विरळा. पण सही करण्यापूर्वी ते विचारून घ्यावेत.

कर्करोगाच्या रुग्णांत याच जागी तीव्र अल्कोहोल टोचून मज्जातंतू जाळून टाकतात. ज्या द्रवाने कित्येकांचे स्वादुपिंड नासवले, त्यानेच वेदना मारायची, हा दैवाचा विनोदच म्हणायचा. जुनाट दाहाच्या रुग्णाला मात्र सहसा हे करत नाहीत. त्याच्यापुढे बरेच आयुष्य असते, आणि मज्जातंतू पुन्हा वाढले की दुखणेही परत येते.

आता खरा प्रश्न: गुण किती? दुर्बिणीतून दिलेल्या इंजेक्शनांच्या अभ्यासांची २००९ आणि २०१० साली एकत्र मोजदाद झाली. पन्नास ते साठ टक्के रुग्णांना आराम पडला. म्हणजे दहांतल्या चार-पाच जणांना नाही! ज्यांना पडतो त्यांनाही काही आठवडे, फार तर काही महिने. सुईने खडा विरघळत नाही आणि वणही पुसला जात नाही. शिवाय वर्षानुवर्षे दुखत राहिले म्हणजे मेरुरज्जू आणि मेंदू यांनाच दुखण्याची सवय जडते. मग एक्स्चेंज बंद करूनही घंटी वाजतच राहते. 'इंजेक्शनने कायमचे बरे होईल' असे कोणी सांगितले, तर तिथून चपला घालून निघावे हे उत्तम.

म्हणून सुईच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. नळी तुंबली आहे का? तुंबली असेल तर बाहेरून लहरींचा मारा करून खडे फोडता येतात. हैदराबादच्या डॉक्टरांनी अशा हजाराहून अधिक रुग्णांचा अनुभव २०१० साली प्रसिद्ध केला आहे. शस्त्रक्रियेने नळी मोकळी करता येते. नेदरलँड्समध्ये ८८ रुग्णांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आधी दुर्बिणीचे उपचार करत राहिलेल्यांपेक्षा लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना दीड वर्षाच्या काळात कमी दुखले. 'ऑपरेशन शेवटी बघू' हा आपला घरगुती नियम इथे प्रत्येक वेळी शहाणपणाचा ठरेलच असे नाही.

मेहुण्यांना पहिल्या इंजेक्शनाने चार महिने दिले. त्या चार महिन्यांत ते पंक्तीला बसून जेवले, जेवणाबरोबर पाचक रसाच्या कॅप्सूल नेमाने घेतल्या, वजन पाच किलोने वाढले. मुलीच्या शाळेच्या संमेलनाला तीन तास खुर्चीवर ताठ बसले, हे बहिणीने फोन करून मुद्दाम कळवले. दुसऱ्या इंजेक्शनाने जेमतेम तीन आठवडे काढले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तिसरं देऊ शकतो, पण देणार नाही. आता शस्त्रवैद्यांना भेटा." त्यांनी नळीचे चित्र पाहिले आणि तारीख दिली, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारची. सासूबाई यंदा मदतीला येऊन राहिल्या आहेत. जावयासाठी त्यांनी कमी तेलातला पोह्यांचा चिवडा वेगळ्या डब्यात करून ठेवला आहे.