‘पढतमूर्ख’ आणि इंग्रजी स्वभाववाचक शब्द

इंग्रजीतील ‘कॅरेक्टर’ हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा आद्यार्थ ‘कोरलेली खूण’ असा आहे. आपले ‘लक्षण’ही खूणच होय. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ साली, आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे झाला. योगायोग असा की, जोसेफ हॉल याचा सद्गुणी व दुर्गुणी माणसांचे नमुने रेखाटणारा इंग्रजी ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात ‘हिपॉक्रिट’ अर्थात दांभिक याचेही चित्र आहे.

‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकातील दहावा समास पढतमूर्खाचा. इंग्रजीत भाषांतर करणारा येथे अडतो. ‘पेडंट’ म्हणावे, तर तो पुस्तकी तपशिलांचे अवडंबर माजविणारा ठरतो. ‘हिपॉक्रिट’ म्हणावे, तर फसविण्याचा हेतू गृहीत धरावा लागतो. समर्थांचा पढतमूर्ख ब्रह्मज्ञान स्वच्छ सांगतो, पण दुराशा व अभिमान धरून राहतो. तो ढोंगी असेलच असे नाही. त्याचे ज्ञान आचरणात उतरलेले नाही, एवढेच. ‘लर्नेड फूल’ हा प्रतिशब्द त्यातल्या त्यात जवळचा खरा, परंतु हा ठपका त्यातून स्पष्ट होत नाही. म्हणून कोशकाराने येथे एका शब्दावर न भागविता, समर्थांप्रमाणे त्या माणसाचे वर्तनच सांगावे.