बाकी एक, बाकी दोन

608981813029. वाचायची तर साठ हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, अठरा लाख, तेरा हजार एकोणतीस. ही मूळ संख्या आहे. 1 आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही. मोठेपणाचा विक्रम काही हिच्या नावावर नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झालेली मूळ संख्या 4 कोटी 10 लाखांहून अधिक अंकांची आहे, तिच्यापुढे या बारा अंकांचा काय पाड! तरी हिचा मान वेगळा.

तिच्या अंकांची बेरीज करा: 55. त्याला 3 ने भागले की बाकी 1, म्हणजे मूळ संख्येचीही बाकी 1. लातूरच्या शिकवणीतले कुठलेही पोर ही कसोटी झोपेतसुद्धा सांगेल. खुद्द 3 वगळता प्रत्येक मूळ संख्येची बाकी 1 तरी येते नाहीतर 2. पहिल्या गटात 7, 13, 19. दुसऱ्यात 2, 5, 11. दोन्ही गट न संपणारे आहेत, हे डिरिक्लेने 1837 मध्ये सिद्ध केले. दूरवर मोजत गेले तर वाटणीही जवळजवळ निम्मीनिम्मी होते.

पण शर्यतीत पुढे कोण? शंभरापर्यंत बाकी 1 च्या 11, बाकी 2 च्या 13. दहा लाखांपर्यंत 39,231 आणि 39,266. पहिला गट मागेच! याचे मूळ वर्गसंख्यांत आहे: 5 चा वर्ग 25, 7 चा 49, 11 चा 121, 3 ने भागा, बाकी दर वेळी 1. वर्ग काही मूळ नसतात, त्यामुळे पहिल्या गटातल्या तेवढ्या जागा अडतात.

आघाडी असंख्य वेळा बदलेल, हे लिटलवुडने 1914 मध्ये दाखवले. ती पहिल्यांदा कुठे बदलते, ते मात्र 1976 च्या नाताळला बेज आणि हडसन यांच्या हाती लागले: 608981813029.

नांदेडच्या यशवंत महाविद्यालयातले गणिताचे प्राध्यापक नीरज अनंत पांडे यांनी 2015 च्या सुमारास एक लाख कोटीपर्यंतच्या मूळ संख्या संगणकाने चाळून, त्या अशा ठरावीक बाकीच्या गटांत कशा विखुरल्या आहेत यावर शोधनिबंध लिहिले. बाकी 1 ची ती पहिली आघाडी याच टापूत येते. काम वाटते तितके अशक्य नाही. एराटोस्थेनिसच्या चाळणीला एवढ्या पल्ल्यासाठी दहा लाखांपर्यंतच्या 78,498 मूळ संख्याच पुरतात. त्यांच्या पटी खोडत जायचे. अडचण साठवणुकीची, म्हणून सगळा पल्ला एकदम न घेता तुकड्या-तुकड्यांनी चाळावा लागतो.

एक लाख कोटीच्या वेशीवर एकूण मूळ संख्या भरतात 3,760 कोटी 79 लाख 12 हजार 18. तिथवर पोचेपर्यंत पहिल्या गटाची आघाडी केव्हाच गेलेली असते. तो 44,977 ने मागे असतो.